प्रत्येक ‘हो’चा ताळा

संध्याकाळच्या गर्दीत दिवा स्थानकाबाहेर वडापावच्या गाडीवर काय चालते ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. गिऱ्हाईक वडापाव घेते, मोबाइल क्यूआर कोडवर धरते, आकडे दाबते आणि मोबाइलचा पडदा गाडीवाल्यापुढे करते. पडद्यावर पैसे दिल्याची हिरवी खूण झळकत असते. पण मुरलेला गाडीवाला त्या खुणेकडे पाहतही नाही. शेजारी ठेवलेला साउंडबॉक्स रक्कम जमा झाल्याचे बोलला, की मगच तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

असे का बरे? प्रश्न एकच आहे : पैसे मिळाले का? आणि दोन्ही ठिकाणांहून उत्तरही एकच येते : हो. मग पडद्यावरचा ‘हो’ नको आणि साउंडबॉक्सचा ‘हो’ हवा, हा भेदभाव कशासाठी? कारण उघड आहे. पडदा गिऱ्हाइकाचा आहे. त्यावर काय दिसावे हे गिऱ्हाइकाच्या हातात आहे. हिरव्या खुणेचे कालचे चित्रसुद्धा तो दाखवू शकेल. साउंडबॉक्सला मात्र निरोप येतो तो गाडीवाल्याच्या खात्याचा हिशोब सांभाळणाऱ्या व्यवस्थेकडून. म्हणजे उत्तर काय आले, याइतकेच ते कोणी दिले, हेही महत्त्वाचे आहे.

गणित सोडवून झाल्यावर उत्तर बरोबर आहे की नाही हे आपण दुसऱ्या वाटेने पडताळून पाहतो. त्याला आपण ताळा करणे म्हणतो. ज्याला आज ‘एथिकल हॅकिंग’ असे मोठे नाव मिळाले आहे, त्या विद्येचे सार या जुन्या शब्दात सामावलेले आहे. यंत्राने दिलेल्या प्रत्येक ‘हो’चा ताळा करून पाहणे, आणि तोही ज्याचे यंत्र आहे त्याच्या परवानगीने, म्हणजे एथिकल हॅकिंग. या लेखात आपण त्याची ओळख करून घेऊ आणि ज्याला यातले काहीच ठाऊक नाही त्याने सुरुवात कोठून करावी तेही पाहू.

तीन प्रश्न

हॅकर म्हटले की अंधाऱ्या खोलीत बसून भराभर कळा दाबणारा चित्रपटातला तरुण डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षातले काम बरेचसे प्रयोगशाळेतल्या कामासारखे आहे. एखादी व्यवस्था कशी चालते असे तिच्या निर्मात्याला वाटते, आणि ती खरोखर कशी चालते, या दोहोंत फरक असू शकतो. तो फरक शोधणारा तो हॅकर. सापडलेल्या फटीतून आत शिरून चोरी करणारा गुन्हेगार; आणि मालकाने सांगितल्यावरून फट शोधून, ती कशी बुजवावी हे लिहून देणारा तो एथिकल हॅकर. दोघांचे ज्ञान जवळजवळ सारखेच असते.

कोणत्याही व्यवस्थेपुढे उभे राहिल्यावर नवशिक्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

१. विचारणारा कोण आहे? तो जो म्हणतो तोच आहे हे कशावरून?
२. उत्तर देणारा कोण आहे? त्याच्या ‘हो’वर आपण विश्वास का ठेवतो?
३. उत्तर आलेच नाही तर काय होते?

हे प्रश्न केवळ संगणकाचे नाहीत. तिसऱ्या प्रश्नाचे एक सुरेख उत्तर रेल्वेच्या अभियंत्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच शोधून ठेवले आहे. तेव्हा आधी स्थानकावरच थांबू.

तांबडा दिवा का लागतो?

दिवा हे जंक्शन आहे. मुंबई–कल्याण मार्गाला येथे वसईकडचा आणि पनवेलकडचा फाटा मिळतो. एवढ्या गाड्या एकमेकींच्या वाटेत येत असताना पुढचा रूळ मोकळा आहे की नाही हे सिग्नलला कळते कसे? त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका युक्तीला ट्रॅक सर्किट म्हणतात. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये ती प्रत्यक्षात आणली.

रुळांचा ठरावीक लांबीचा एक तुकडा घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना विद्युतरोधक सांधे बसवा, म्हणजे त्यातील वीज शेजारच्या तुकड्यात जाणार नाही. एका टोकाला दोन्ही रुळांना थोड्या व्होल्टचा विद्युतपुरवठा जोडा. दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारी कळ, जोडा. एका रुळावरून जाऊन दुसऱ्यावरून परतणारा प्रवाह रिलेला ओढून धरतो. रिले ओढलेला असला तरच सिग्नल हिरवा होऊ शकतो. आता त्या तुकड्यावर गाडी आली. तिची लोखंडी चाके आणि त्यांना जोडणारा आस यांमुळे दोन्ही रूळ आपापसांत जोडले जातात. प्रवाहाला ही कमी रोधाची वाट मिळते, रिलेच्या वाट्याला पुरेसा प्रवाह उरत नाही, तो सुटतो आणि दिवा तांबडा होतो.

यातली खरी गंमत पुढे आहे. समजा, तार तुटली. रिले सुटतो, दिवा तांबडा. विद्युतपुरवठा बंद पडला. दिवा तांबडा. रुळालाच भेग पडून तो तुटला. तरीही बहुधा तांबडाच. म्हणजे येथे ‘उत्तर आले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असाच लावलेला आहे. हिरव्यासाठी पुरावा लागतो. तांबड्यासाठी काहीच लागत नाही. बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला झुकावा, अशी ही रचना आहे. आता अनेक ठिकाणी चाकांचे आस मोजणारी उपकरणे वापरतात. पण तत्त्व हेच.

एवढी चांगली रचनासुद्धा एका ठिकाणी हतबल होते. रिलेला प्रवाह आला की नाही एवढेच कळते. तो योग्य वाटेने आला की चुकीच्या, हे त्याला कळत नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात, बहानगा बाजार स्थानकापाशी कोरोमंडल एक्सप्रेसला हिरवा सिग्नल मिळाला. पण गाडी वळली ती मालगाडी उभी असलेल्या रुळाकडे. २९० हून अधिक माणसे प्राणाला मुकली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या तारांच्या जोडणीत बदल करताना झालेल्या चुका हे कारण ठरले. ही कोणाची लबाडी नव्हती. पण खोट्या ‘हो’ची किंमत केवढी असू शकते, हे त्यावरून कळावे.

म्हणूनच रिले ठेवलेल्या खोलीला रेल्वेत दोन कुलपे असतात. एक चावी स्टेशनमास्तरकडे, दुसरी सिग्नलच्या कर्मचाऱ्याकडे. दोघे असल्याशिवाय खोली उघडत नाही. सुरक्षा केवळ तारांत नसते, माणसांच्या कामाच्या पद्धतीतही असते, हा दुसरा धडा आपल्याला येथे मिळतो.

शनिवार, ११ ऑगस्ट २०१८

आता अशा व्यवस्थेकडे वळू, की जिच्यापुढे केवळ बिघाड नव्हता, तर बुद्धिमान शत्रू उभा होता. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ मध्ये स्थापन झालेली. या बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, हल्ला झाला.

तो समजण्यासाठी आधी नेहमीचा मार्ग पाहा. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालून रक्कम मागता. ते यंत्र स्वतः काही ठरवत नाही. ते तुमची मागणी कार्डाच्या जाळ्यामार्फत तुमच्या बँकेच्या एका संगणकाकडे पाठवते. त्याला स्विच म्हणतात. स्विच बँकेच्या मुख्य हिशोबाला विचारतो : हे खाते आहे का? शिल्लक किती? मर्यादा किती? मुख्य हिशोब ‘हो’ म्हणाला की स्विच ‘हो’ म्हणतो, आणि मग नोटा बाहेर येतात. आपल्याला हे सारे डोळ्याचे पाते लवावे तसे वाटते. पण त्या क्षणात एक प्रश्न दूरवर जाऊन उत्तर घेऊन परत आलेला असतो.

हल्लेखोरांनी बँकेच्या संगणकांत घातक प्रोग्राम शिरवून खऱ्या स्विचशेजारी एक तोतया स्विच उभा केला. बनावट कार्डांवरून आलेल्या मागण्या मुख्य हिशोबापर्यंत पोहोचल्याच नाहीत. वाटेतच तोतया स्विच ‘हो’ म्हणत राहिला. २८ देशांतील यंत्रांतून सुमारे १२,००० वेळा मिळून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भागाकार करून पाहा : एका वेळेला सरासरी ६५,००० रुपये पडतात. भारतातही २,८४९ व्यवहारांतून सुमारे अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, बँकांमधील आंतरराष्ट्रीय निरोपांच्या ‘स्विफ्ट’ या व्यवस्थेतून १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यावर पाठवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर गेला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या समितीने २०१९ मधील अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना या प्रकरणात दोषी ठरवले.

आपला दुसरा प्रश्न येथे किती नेमका लागू पडतो पाहा. एटीएम यंत्रांनी आपले काम चोख केले. त्यांनी विचारले, उत्तर ‘हो’ आले, त्यांनी पैसे दिले. वडापावच्या गाडीवर गिऱ्हाइकाचा पडदा, तसा येथे तोतया स्विच. फरक एवढाच, की येथे साउंडबॉक्सची वाट पाहणारा कोणी मध्ये नव्हता.

अशी व्यवस्था तपासायला बोलावलेला एथिकल हॅकर काय विचारील? तो प्रथम म्हणेल, “स्विचने दिवसभरात किती वेळा ‘हो’ म्हटले आणि मुख्य हिशोबात किती नोंदी झाल्या, हे दोन आकडे दर काही मिनिटांनी ताडून पाहता का? ते जुळले नाहीत तर घंटा कोठे वाजते? शनिवारी रात्री ती ऐकायला कोण असतो?” दुसऱ्या वाटेने केलेली ही पडताळणी म्हणजेच ताळा.

गहू, पीठ आणि चिमूटभर मीठ

आता पहिला प्रश्न : विचारणारा कोण? यासाठी सर्वांत परिचित साधन म्हणजे पासवर्ड. त्याचे बळ साध्या गुणाकाराने मोजता येते.

एटीएमचा पिन चार अंकी असतो. एकेका जागी १० पर्याय, म्हणून एकूण १० × १० × १० × १० = १०,००० पिन. हे फार थोडे झाले. तरी चालते, कारण तीनदा चुकले की कार्ड अडवले जाते. अंदाजाने उघडण्याची शक्यता १०,००० मध्ये ३. पण जेथे कितीही वेळा प्रयत्न करता येतो तेथे काय? समजा, एक संगणक सेकंदाला एक कोटी शब्द तपासतो. इंग्रजी लहान अक्षरांचे आठ अक्षरी शब्द २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी होतात. ते सारे तपासायला सुमारे २०,८८३ सेकंद, म्हणजे पावणेसहा तासांहून थोडा अधिक वेळ पुरतो. आता अक्षरे आठऐवजी बारा करा. काम २६ × २६ × २६ × २६ = ४,५६,९७६ पटींनी वाढते आणि वेळ होतो सुमारे ३०० वर्षे! चार अक्षरांनी केवढा फरक पडला पाहा.

मात्र हे खरे केव्हा? अक्षरे कशीही, चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तेव्हा. ‘गणेश’ हे नाव आणि पुढे जन्मवर्ष, असा पासवर्ड लांबीला भरपूर असला तरी १०,००० नावे आणि १०० वर्षे यांच्या दहा लाख जोड्यांत तो सापडतो. वरच्या संगणकाला त्यासाठी सेकंदाचा दहावा भाग पुरे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये लोकांनी निवडलेल्या ३,२८९ पासवर्डांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, फार तोकडे किंवा शब्दकोशात सहज सापडणारे निघाले. माणसाचा स्वभाव तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

येथे एक शंका येईल. पासवर्ड बरोबर की चूक हे पाहायला संगणकाने तो साठवून ठेवायला हवा. मग ती वही चोरली तर? याला उत्तर गिरणीत आहे. गहू दळले की पीठ होते, पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. तसे एकेरी वाटेचे एक गणित असते. त्याला हॅश म्हणतात. संगणक गहू ठेवत नाही, पीठ ठेवतो. तुम्ही पासवर्ड दिलात की तो नव्याने दळतो आणि दोन पिठे ताडून पाहतो. ‘शा-२५६’ हे असे एक प्रसिद्ध गणित. कितीही लांबीचा मजकूर द्या, त्यातून शून्य व एक यांचे २५६ अंक बाहेर येतात. आणि मजकुरातले एक अक्षर बदलले तर त्यांपैकी सुमारे निम्मे अंक बदलतात.

दोघांनी एकच पासवर्ड घेतला तर पीठही एकच होईल आणि चोराला ते कळेल. म्हणून दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या पासवर्डात वेगवेगळी अक्षरे मिसळतात. याला संगणकशास्त्रात खरोखरच ‘सॉल्ट’, म्हणजे मीठ, म्हणतात! पासवर्डांसाठी ही गिरणी मुद्दाम संथ ठेवतात, म्हणजे चोराचे सेकंदाला एक कोटी घाव होऊ शकत नाहीत.

माहिती की हुकूम?

फट नेहमी पासवर्डातच असते असे नाही. एक साधे उदाहरण घ्या. शाळेच्या कार्यालयात एक कारकून आहे. विद्यार्थी चिठ्ठीवर आपले नाव लिहितो आणि कारकून ते छापील वाक्यातील रिकाम्या जागेत भरून मोठ्याने वाचतो : “..... याचा दाखला द्या.” शिपाई ऐकेल तसे करतो. आता एकाने चिठ्ठीवर लिहिले : “गणेश याचा दाखला द्या आणि उरलेल्या प्रत्येक मुलाचा.” वाक्य पुरे झाले, “गणेश याचा दाखला द्या आणि उरलेल्या प्रत्येक मुलाचा याचा दाखला द्या.” व्याकरण थोडे बिघडले, पण शिपाई सगळे दाखले घेऊन हजर!

चूक कोठे झाली? नावाच्या जागी आलेली माहिती हुकूम म्हणून वाचली गेली. संकेतस्थळांवरील अर्जांत नेमकी हीच चूक होते. ‘एसक्यूएल इंजेक्शन’ या भारदस्त नावामागे एवढीच गोष्ट आहे. उपायही चिठ्ठीवरूनच सुचतो : रिकाम्या जागेत आलेले सारे काही नावच समजायचे, मग तेथे काहीही लिहिलेले असो. त्या नावाचा मुलगा पटावर नसेल तर उत्तर ‘नाही’.

परवानगीची रेषा

हे वाचून तुमच्यापैकी एखाद्याचे हात शिवशिवू लागले असतील. शाळेचा संगणक आहे, शेजाऱ्यांचे वायफाय आहे. जरा पाहायला काय हरकत आहे? म्हणून ही गोष्ट लक्षपूर्वक वाचा.

वर ज्यांचा उल्लेख आला त्या रॉबर्ट मॉरिस यांचा त्याच नावाचा मुलगा अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकत होता. २ नोव्हेंबर १९८८ रोजी त्याने आपणहून पसरणारा एक प्रोग्राम जाळ्यावर सोडला. काही चोरावे किंवा पुसावे असे त्या प्रोग्रामात काहीच नव्हते. दुसऱ्या संगणकावर पोहोचल्यावर तो विचारीत असे, “माझी प्रत येथे आधीच आहे का?” उत्तर ‘हो’ आले तर थांबायचे. पण मॉरिसला वाटले, संगणकाचे रखवालदार खोटेच ‘हो’ म्हणून प्रोग्रामला हुसकावतील. म्हणून ‘हो’ आले तरी सात वेळांतून एकदा शिरायचेच, अशी सोय त्याने केली. हिशोब चुकला. एकेका संगणकावर प्रतींवर प्रती साठत गेल्या आणि संगणक ठप्प झाले. तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे जाळ्यावरील सुमारे ६०,००० संगणकांपैकी ६,००० संगणकांना त्याचा फटका बसला. १९९० मध्ये न्यायालयाने त्याला तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड ठोठावला. पुढे तो मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध एमआयटी संस्थेत प्राध्यापक झाला, हेही खरे. पण प्रत्येकाला अशी दुसरी संधी मिळतेच असे नाही.

मुलगा हुशार होता, हेतू चोरीचा नव्हता. पण यंत्रे त्याची नव्हती. दुसऱ्याच्या यंत्रावर आपल्या प्रयोगाचा परिणाम काय होईल हे बाहेरून कधीच पुरते कळत नाही. ते यंत्र रुग्णालयाचे असू शकते. म्हणून परवानगीचा नियम हा केवळ शिष्टाचार नाही. तो प्रयोगाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे. त्याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा जबाबदार व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात किंवा जाळ्यात शिरणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. “गंमत म्हणून केले” हा बचाव फार पातळ आहे. कॉसमॉस प्रकरणातही बनावट कार्डे घेऊन यंत्रांतून पैसे काढणारे हात होते. पडद्यामागचा सूत्रधार दूर राहतो. कॅमेऱ्यात दिसतो तो कार्ड धरणारा.

व्यावसायिक एथिकल हॅकर काम सुरू करण्यापूर्वी लेखी परवानगी घेतो. कोणती यंत्रे तपासायची, कोणत्या वेळी, काय मुळीच करायचे नाही, आणि काही बिघडल्यास कोणाला फोन करायचा, हे सारे त्यात असते. सहज वापरताना एखादी फट दिसलीच, तर आणखी खोल न जाता मालकाला कळवावे. भारत सरकारची ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ पासून अशा कामासाठी आहे. तिलाही कळवता येते. मात्र विद्यार्थ्यांनी प्रथम आपल्या शिक्षकांना किंवा पालकांना सांगावे. घरात कोणाचे पैसे फसवणुकीने गेले तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

सुरुवात कोठून करावी?

पुष्कळ मुले आयती हत्यारे शोधू लागतात. हत्यार चालले, पण का चालले ते कळले नाही, तर शिकणे झालेच नाही. पुढील क्रम सोपा आणि स्वस्त आहे.

पहिली पायरी, आपले यंत्र. जुन्या संगणकावरही लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली चालते. त्यात कळफलकावरून हुकूम देण्याचा सराव करा. फाइल कोणाची, ती कोण वाचू शकतो, कोण बदलू शकतो, हे ओळखायला शिका. सुरक्षेचे पहिले धडे या हक्कांच्या तक्त्यातच आहेत.

दुसरी पायरी, जाळे. तुम्ही संकेतस्थळाचे नाव टाइप करता तेव्हा ते नाव प्रथम आकड्यांच्या पत्त्यात बदलले जाते. मग तुमची मागणी लहान लहान तुकड्यांनी निघते आणि उत्तरही तुकड्यांनीच येते. ‘वायरशार्क’ या मोफत प्रोग्रामने आपल्या स्वतःच्या संगणकातून जाणारे तुकडे पाहता येतात. भिंगाखाली पाण्याचा थेंब पहिल्यांदा पाहावा तसा हा अनुभव आहे.

तिसरी पायरी, एक संगणकभाषा. पायथन सुरुवातीला बरी. वर केलेले पासवर्डाचे गणित तिच्यात दहा ओळींत मांडता येते.

चौथी पायरी, सरावाचे मैदान. मुद्दाम फटी ठेवून बनवलेले प्रोग्राम मोफत मिळतात : ‘वेबगोट’ आणि ‘ज्यूस शॉप’ ही त्यांतली दोन नावे. ते आपल्या संगणकातल्या ‘व्हर्च्युअल मशीन’मध्ये, म्हणजे यंत्रातल्या यंत्रात, चालवावेत, बिघडले तर पुसून पुन्हा मांडता येते. ‘बँडिट’ हा लिनक्स शिकवणारा कोड्यांचा खेळ अगदी नवशिक्यांसाठी आहे, आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘पिकोसीटीएफ’ ही स्पर्धा २०१३ पासून शाळकरी मुलांना डोळ्यांपुढे ठेवून चालते. येथे फटी शोधण्याची परवानगी आधीच दिलेली असते.

पाचवी पायरी, लेखन. ही बहुतेकांना कंटाळवाणी वाटते. पण पगार मिळतो तो हिचाच. काय पाहिले, कसे पाहिले, दुसऱ्याला ते पुन्हा कसे पाहता येईल आणि उपाय कोणता, हे भौतिकशास्त्राच्या जर्नलसारखे लिहावे. जे दुसऱ्याला करून पाहता येत नाही तो शोध नव्हे.

करून पाहा

शिक्षकांनी वर्गात दोन प्रयोग जरूर घ्यावेत. त्यांना संगणकही लागत नाही.

एक : वर्गाचे तीन गट करा. पहिला गट एटीएम, दुसरा स्विच, तिसरा मुख्य हिशोब. मागण्या आणि उत्तरे चिठ्ठ्यांनी पाठवा. मग एका विद्यार्थ्याला गुपचूप तोतया स्विच करा. पहिल्या गटाला तोतया किती वेळाने सापडतो ते मोजा. नंतर दर पाच चिठ्ठ्यांनी दोन गटांचे आकडे ताडण्याचा नियम घाला आणि पुन्हा मोजा. दोन वेळांतला फरक फळ्यावर लिहा.

दोन : प्रत्येकाने घरात आणि रस्त्यावर ‘हो’ म्हणणाऱ्या दहा गोष्टींची यादी करावी. गॅस सिलिंडर घरी देताना विचारला जाणारा क्रमांक, दाराचे कुलूप, ओटीपी, वीजबिल भरल्याचा संदेश, काहीही चालेल. प्रत्येकीपुढे तीन रकाने आखा : विचारणारा कोण, उत्तर देणारा कोण, उत्तर न आल्यास काय होते. ओटीपीच्या ओळीपाशी थोडे थांबा. तो तुमच्या मोबाइलवर येतो तो विचारणारे तुम्हीच आहात हे ठरवण्यासाठी. फोनवर दुसऱ्याला तो सांगितलात, तर त्याच्या वतीने ‘हो’ म्हणणारे तुम्ही स्वतःच झालात.

तिसऱ्या रकान्यात जेथे जेथे ‘उत्तर आले नाही तरी काम पुढे चालते’ असे लिहावे लागेल, तेथे एक फुली करा. मग त्या गोष्टीला हात न लावता, तिथे ताळा कसा ठेवता येईल ते दोन ओळींत लिहून काढा. तुमचा पहिला अहवाल तयार झाला!